मुस्ताकोर्पीतले पाच नमुने

ते पत्र मीच लिहिलं होतं. खाली सही आमच्या प्रमुखांची होती, पण ओळखणारी म्हणून नाव माझं, मजकूर माझा आणि निर्णयही माझाच. हेलसिंकीच्या संग्रहालयात लाकूड कुजवणाऱ्या बुरशा ओळखणं हे माझं काम. तेव्हा त्या कामाला बावीस वर्षं झाली होती. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणी काहीही पाठवलं, तरी मायक्रोस्कोपला डोळा लावून मी पंधरा-वीस मिनिटांत नाव सांगायचे. अडलं की लोक म्हणायचे, "मार्केत्ताला विचारा." आणि त्याची मला चांगलीच सवय झाली होती.

ज्याच्या नमुन्यांबद्दल ते पत्र होतं त्याचं नाव ताइस्तो मोइलानेन. ईशान्येकडच्या काइनू भागातल्या हाउकिवारा नावाच्या वाडीत राहणारा. चाळीस वर्षं तो लाकडाचा मोजणीदार होता. तोडलेल्या ओंडक्याच्या टोकाकडे बघून सांगायचा, हा करवतीला, हा कागदाच्या गिरणीला, आणि हा कुजका, बाजूला काढा. ज्या कुजीला नोकरीभर शिव्या घातल्या, निवृत्त झाल्यावर तिच्याच नादी लागला. पडलेल्या झाडांखाली पोटावर सरपटत जायचं, बुरशीचा तुकडा चाकूनं काढायचा, चुलीवर वाळवायचा आणि मोजणीच्या जुन्या फॉर्मांच्या पाकिटात घालून आमच्याकडे पाठवायचा. असे हौशी लोक पुष्कळ असतात. बहुतेक दोन-तीन वर्षांत थकतात.

दोन शरद ऋतूंत मिळून त्यानं एकाच बुरशीचे पाच नमुने पाठवले. पांढरट, पापुद्र्यासारखी पातळ, खालून सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. पाचही एकाच रानातले, मुस्ताकोर्पीतले. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं तेच लिहिलेलं: "आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या पोटाखाली. ताजी असताना आंबट वास, पाव करायला आंबवलेल्या पिठासारखा. अंगठ्यानं दाबली की तासाभरात गुलाबी होते." आणि खाली जाड अक्षरात, "ही ती नव्हे."

'ती' म्हणजे तिच्यासारखी दिसणारी साधी बुरशी, जी आमच्याकडे कुठल्याही रानात सापडते. मी पाचही नमुने बघितले. बीजाणू मोजले. मापं त्या साध्या जातीच्या हद्दीत बसत होती. अगदी काठाला, पण बसत होती. माझ्या वहीत मी लिहिलं, "किंचित अरुंद", आणि पान उलटलं.

मग सरकारी कार्यालयातून विचारणा आली. मुस्ताकोर्पी ताइस्तोच्या थोरल्या बहिणीचं, आउनेचं होतं. तिनं ते तोडायला परवानगी मागितली होती आणि ताइस्तोनं हरकत घेतली होती की इथं एक अशी बुरशी आहे जी दुसरीकडे कुठंच नाही. कार्यालयाला आमचं मत हवं होतं. मी लिहिलं की नमुने सर्वसाधारण जातीचे आहेत, त्यांच्यावरून या रानाला काही खास मोल आहे असं म्हणता येत नाही. आणि पुढं आणखी एक वाक्य लिहिलं: वास आणि रंगाच्या नोंदी वाळलेल्या नमुन्यात पडताळता येत नाहीत, त्या निरीक्षकाच्या वैयक्तिक जाणिवेवर अवलंबून आहेत.

ते वाक्य लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हे मला आजही आठवतं.

त्या हिवाळ्यात तिथली दलदल गोठून यंत्रं जाऊ शकल्यावर मुस्ताकोर्पी तोडलं. ताइस्तोकडून पुन्हा पाकीट आलं नाही. मला ते जाणवलंसुद्धा नाही.

नऊ वर्षांनी, सप्टेंबरात, साइया माझ्या खोलीत आली. ती आमच्या डीएनए प्रयोगशाळेची प्रमुख, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कामाच्या बाबतीत माझ्याइतकीच खडूस. आमचं छान जमायचं. तिनं त्या साध्या जातीचे सगळे नमुने तपासायला घेतले होते. एका नावाखाली दीडशे वर्षांत साठलेली हजारभर पाकिटं, त्यातल्या दोनशेंचा मोहरीएवढा कण काढायचा, ठेचायचा, आणि आतली अक्षरं वाचायची.

"बसलीयेस ना?" तिनं विचारलं.

"मायक्रोस्कोपवर उभ्यानं काम करतात का कुणी?"

"मग बसूनच राहा."

तिनं टेबलावर कागद ठेवला. वंशवेलीसारखी आकृती असते ती. जवळचे नमुने जवळच्या फांदीवर, लांबचे लांब. जिथं मी जन्मभर एकच नाव लिहीत आले तिथं चार फांद्या होत्या.

"या तीन फांद्यांचं नवल नाही," ती म्हणाली. "जुनी नावं आहेत, पुन्हा वापरात आणायची. पण ही चौथी बघ. ही त्यांच्या जवळचीसुद्धा नाही. वेगळ्याच घरातली आहे."

चौथ्या फांदीवर पाच टोकं होती. पाचही टोकांपुढं एकच नाव: मोइलानेन, मुस्ताकोर्पी.

"नमुन्यात दुसरं काहीतरी मिसळलं असेल," मी म्हणाले.

"तू असं म्हणणार म्हणून आधीच दोनदा परत केलं. मुळापासून."

"दुसरीकडे कुठं?"

"कुठंच नाही. स्वीडनची, नॉर्वेची, रशियाची, सगळी माहिती चाळली. ओंडक्यांच्या भुशातून लोक हल्ली डीएनए काढतात, त्यातही नाही. तू ओळखले होतेस ना हे? काही लिहून ठेवलंयस?"

मी वही काढून दिली. तिनं ते पान वाचलं. "किंचित अरुंद" या शब्दांवर तिची नजर थांबली, मग तिनं वही मिटून माझ्यासमोर ठेवली.

"ताजी मिळाली तर फार बरं होईल," जरा वेळानं ती म्हणाली. "ते रान कुठं आहे?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"तोडलं. माझ्या पत्रावर."

पुढचे दोन आठवडे मी नीट जेवले नाही. लेख तयार होत होता. नव्या जातीचं नाव ठेवायचं, तर एक नमुना कायमचा आधार म्हणून निवडावा लागतो आणि तो कुठं सापडला ते लिहावंच लागतं. साइयाच्या मनात होतं की नाव त्या म्हाताऱ्यावरून ठेवावं. "फोन कर आणि सांग त्याला," ती म्हणाली. "खूश होईल."

मी फोन केला. त्यानंच उचलला. मी माझं नाव सांगितलं.

"भेटायला आले तर चालेल का?" मी विचारलं.

"रस्ता कुणाच्या बापाचा नाही. ये," तो म्हणाला.

ऑक्टोबराच्या मधल्या आठवड्यात मी गेले. दिवसभर रेल्वे आणि मग बस. हाउकिवाराच्या फाट्यावर गारठलेल्या चिखलात तो जुनाट गाडी घेऊन उभा होता. बुटका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कानांतून केस आलेले, डोक्यावर टोपी.

"तू मार्केत्ता?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं उंच असशील. पत्रातून उंच वाटायचीस."

गाडीत बसल्याबसल्या मी सुरुवात केली. "मोइलानेन, मी जे सांगायला आलेय—"

"आधी जेव. आउनेनं मासे तळलेत."

"आउने?"

"बहीण. तिच्याकडेच असतो मी. नऊ वर्षं झाली."

सगळ्या प्रवासात मी डोळ्यांपुढं दोन घरं बघितली होती, एकमेकांकडे पाठ केलेली, आणि मध्ये माझं पत्र. हे मला सुचलंच नव्हतं. वाटेत खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, एवढं तरी मोडलेलं नाही.

आउने ब्याऐंशीची. भावापेक्षा हातभर उंच, चाकांच्या वॉकरवर रेलून दारात उभी. जेवायला तळलेले मुइक्कू मासे, जवाची गरम भाकरी, लोणी.

"बस. बूट राहू देत, फरशी काही सोन्याची नाही," ती म्हणाली. "ताइस्तो, तिला ती खुर्ची नको देऊस, पाय हलतोय तिचा. म्हणजे खुर्चीचा. अगं, तुझी किती वाट बघितली मी! ह्या गाढवाला माणसात आणलंस तू."

"मी?"

"मग कोण? तुझंच ना पत्र ते?"

ताइस्तो माशाचे काटे काढत होता. मान वर केली नाही.

"दीड वर्ष बोलत नव्हता माझ्याशी," आउने सांगू लागली. "सख्खा भाऊ. माझ्याच रानाच्या विरोधात सरकारला अर्ज करतो. का, तर बुरशी आहे! माझं छप्पर गळतंय, गुडघे गेलेत, आणि याला झाडाखालच्या बुरशीचा पुळका. गावात मला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. चर्चमध्ये तो डावीकडे बसायचा, मी उजवीकडे. आणि मग एक दिवस दारात उभा. हातात टोपी, हातात तुमच्या संग्रहालयाचं पत्र. म्हणाला, आउने, मी चुकलो. शिकलेल्या माणसांनी तपासलं, ती साधीच बुरशी आहे. मी उगाच तुला छळलं."

"जाऊ दे आता," ताइस्तो म्हणाला.

"का जाऊ दे? सत्तर वर्षांत हा माणूस एकदाही चुकलो म्हणाला नव्हता! आमच्या आईचा आरसा फोडला तेव्हासुद्धा मांजराचं नाव घेतलं. त्या दिवशी मला रडू आलं. म्हटलं, आत ये, कॉफी घे. तो आला, तो इथंच. मला लाकडं फोडता येत नाहीत, याला स्वयंपाक येत नाही. आणखी घे ना मासे. असं काय चिमणीसारखं खातेस?"

मी आणखी एक मासा घेतला. पायाशी ठेवलेल्या पिशवीत लेखाचा मसुदा होता, त्यात ती आकृती, त्यात पाच टोकांवर ताइस्तोचं नाव.

कॉफी झाल्यावर तो उठला. "हिला रान दाखवून आणतो," तो म्हणाला. आउने हसली. "रान कसलं? रोपवाटिका म्हण."

खरंच ती रोपवाटिकाच होती. कमरेएवढे स्प्रूस, सरळ ओळींत लावलेले. मध्ये मध्ये जुने बुंधे, काळे पडलेले, शेवाळानं भरलेले. आडवं पडलेलं एकही झाड नव्हतं. जमीन नांगरताना यंत्रानं सगळं रेटून बाजूला केलं होतं. अर्धा पाऊस, अर्धा बर्फ पडत होता. एका रुंद बुंध्याजवळ ताइस्तो थांबला.

"सांग आता," तो म्हणाला. "घरात बोलली नाहीस, बरं केलंस."

मी सांगितलं. शहाणपणाचे शब्द न वापरता सांगितलं. ती साधी नव्हती. तिच्यासारखी दुसरी कुठं सापडलेली नाही. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. माझ्या वहीत मी एक शंका लिहिली होती, आणि तिचा पाठपुरावा न करता पान उलटलं.

त्याचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला तो वीस वर्षांनी तरुण दिसला.

"वास लिहिलात का?"

"लिहिला. तुमच्या पाकिटावरून, तुमच्याच शब्दांत. रंगसुद्धा. ताजी बघितलेला माणूस जगात तुम्ही एकटेच आहात."

"आंबवलेलं पीठ," तो म्हणाला. "अगदी तसाच. मी आउनेच्या परातीला नाक लावून खात्री करून घेतली होती. तेव्हा बोलत होतो आम्ही." तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याची नजर झाडांच्या ओळींवरून फिरली आणि मागे घराकडे वळली. धुराडं तेवढं दिसत होतं. चेहऱ्यावरचा उजेड गेला. बुंध्यावरचं पाणी हातानं निपटून तो बसला.

"नाहीच राहिली म्हणजे," तो म्हणाला.

"आम्हाला तरी कुठं सापडलेली नाही."

"मी तुला मनातून फार शिव्या घातल्या होत्या, पहिले चार दिवस. मग वाटलं, अरे, हिनं हजारो बघितल्यात. आपण कोण? लाकूड मोजणारे. तुझ्या पत्रावर विश्वास ठेवला मी. खरंच ठेवला. नुसतं तिच्यासमोर तसं म्हटलं असं नाही." त्यानं टोपी झटकली. "हे छापायचं म्हणतेस?"

"वसंतात येईल."

"रानाचं नाव येणार त्यात?"

"यावंच लागतं."

"नंतर छापा. आम्ही दोघं गेल्यावर. किती दिवस राहिलेत आता?"

"माझ्या हातात नाहीये ते. साइयाचा लेख आहे, बाकीच्या तीन जाती आहेत, दुसऱ्या देशातले लोक आहेत." मग मी नाव ठेवण्याचं बोलले. आता ते बोलायला जिवावर आलं होतं, पण तेही सांगायलाच आले होते. "तुमचं नाव द्यायचं ठरतंय तिला."

"नको."

"मान असतो तो."

"असेल. माझं नाव नको. आउनेनं काय करायचं मग? माझ्या नावाची वस्तू तिनं मारली, असं रोज वाचायचं?"

मी म्हणाले, मारली मी. तो म्हणाला, कुऱ्हाड कुणाची होती हे गावाला विचार. नंतर आम्ही ओढ्याकाठी गेलो. तिथं दहा-बारा जुनी झाडं नियमाप्रमाणं सोडलेली होती, आणि त्यातलं एक वाऱ्यानं पडलं होतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून त्याच्या खाली बघत राहिलो. काही नव्हतं. झाड नुकतंच पडलेलं; सालही अजून सुटली नव्हती.

घरी आलो तेव्हा आउनेनं टेबलावर मुरंबा काढून ठेवला होता. ती माझ्यासमोर बसली. ताइस्तो ओले बूट काढत होता.

"आता मला एक सांग," ती म्हणाली. "हेलसिंकीहून इथवर यायला पुरा दिवस लागतो. पत्र बरोबर होतं एवढं सांगायला कुणी येत नाही."

मी पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली.

"हा बरोबर होता का?"

ताइस्तोनं माझ्याकडे बघितलं. एक बूट हातात, एक पायात. त्याची ती नजर मला अजून दिसते. जन्मभर मी एकच काम केलं, समोर आलेल्या गोष्टीचं खरं नाव सांगायचं. चुकले असेन, पण जाणूनबुजून कधी खोटं नाव सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "साधीच बुरशी आहे ती. जुन्या नमुन्यांच्या थोड्या नोंदी अपुऱ्या होत्या, त्या घ्यायला आले."

आउने माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मुरंब्याची बरणी माझ्याकडे सरकवली. "घे. यंदा रानबेरी कमी आल्या," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होते की दोन म्हाताऱ्या जिवांचं सुख राखलं. हेलसिंकी येईपर्यंत ते पटलंही होतं.

साइयाला मी सगळं सांगितलं. ती तडकलीच. "लेखात गावाचं नाव आहे, मार्केत्ता! त्यांच्याकडे वर्तमानपत्र येत नाही का?"

"कोण वाचणार बुरशीची बातमी?"

"त्यांच्या गावच्या बुरशीची बातमी? सगळे."

तिनं नाव मात्र बदललं. ताइस्तोऐवजी रानावरून ठेवलं; मुस्ताकोर्पी म्हणजे काळं रान. मला वाटलं, हे त्यातल्या त्यात बरं.

एप्रिलमध्ये लेख आला. आमच्या प्रसिद्धी विभागानं चार ओळींचं पत्रक काढलं, आणि काइनूच्या वर्तमानपत्रानं त्याचं अर्धं पान केलं. मथळा होता, नामशेष झाल्यावर मिळालं नाव. खाली नकाशा, त्यात हाउकिवारा, आणि ओळ: "स्थानिक हौशी संशोधकाचा इशारा डावलून २०१० साली तोड." आउनेचं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तू माझ्या टेबलावर बसून माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"त्यानं सांगितलं होतं बोलायला?"

मला हो म्हणता आलं नसतं आणि नाहीही. "मी बोलले," मी म्हणाले. "जबाबदारी माझी."

"त्याला ऑक्टोबरापासून माहीत होतं. ख्रिसमसला समोर बसून जेवला. माझ्या वाढदिवसाला केक आणला. सहा महिने मला वेडी समजून बघत राहिला, बिचारी म्हातारी, हिला कशाला दुखवायचं." तिचा श्वास ऐकू येत होता. "मी रान तोडलं याचं मला काय वाटायचं ते मी बघून घेतलं असतं. माझं रान, माझं पाप. ते तुम्ही दोघांनी मला न विचारता आपापसात वाटून घेतलंत."

"आउने, मला माफ करा."

"कुठंच नाही का ती आता? खरं सांग. या वेळी तरी."

"आम्हाला माहीत असलेल्या जागी कुठंच नाही."

"ते पहिलं पत्र लिहिलंस, तेव्हा तुला खात्री होती?"

"होती."

"मलाही होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती भावाशी बोलली नाही. घर एकच, टेबल एकच. ताइस्तोनं हे मला खूप नंतर सांगितलं. तो सकाळी कॉफी करून ठेवायचा, ती प्यायची. ती भाकरी करून झाकून ठेवायची, तो खायचा. शनिवारी तो सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायचा, आधी ती जायची, मग तो. घरातून जायला तिनं त्याला सांगितलं नाही, आणि गेल्यावर तिची लाकडं कोण फोडणार म्हणून तो गेला नाही. एकदा त्यानं हात जोडून माफी मागितली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. पूर्वी दीड वर्ष बोलणं बंद होतं तेव्हा निदान दोन घरं होती, तो म्हणाला, तेव्हा जरा तरी सोपं जायचं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ती गेली. हृदय. तीन दिवस इस्पितळात होती, तो शेजारी बसून होता. मी त्याला फोनवर विचारलं, काही बोलली का?

"नर्सशी बोलायची," तो म्हणाला. "नर्सला म्हणाली, याला घरी पाठवा, हा जेवला नसेल."

"तुमच्याबद्दलच बोलली म्हणजे."

"माझ्याबद्दल. माझ्याशी नाही."

अंत्यविधीला मी गेले नाही. तिथं जायचा मला काही हक्क आहे असं वाटलं नाही. संग्रहालयात मी त्या उन्हाळ्यात जुन्या कपाटांच्या कामाला बसले. एका नावाची चार नावं झाली होती, तेव्हा हजारभर पाकिटांवर नव्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर ओळखणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात, जुनी चिठ्ठी काढून टाकत नाहीत. म्हणजे ताइस्तोच्या पाच पाकिटांवर माझी चुकीची चिठ्ठी कायम राहणार आणि तिच्यावर साइयाची बरोबर. ती पाच पाकिटं मी शेवटी घेतली. आता ती लाल किनारीच्या वेगळ्या खोक्यात असतात आणि बघायला परवानगी लागते.

ऑगस्टच्या अखेरीस ताइस्तोचा फोन आला. मी दोन महिन्यांत निवृत्त होणार होते.

"रशियाच्या सीमेकडे जुनं रान आहे अजून," तो म्हणाला. "सरकारी. वीस किलोमीटर आत. मला एकट्याला जमणार नाही, गुडघे आउनेसारखे झालेत. तू खाली वाकून बघ, मी कुठं बघायचं ते सांगतो."

"सापडेल असं वाटतं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण घरात बसवत नाही."

ऑक्टोबरात मी गेले. सकाळी नऊला आम्ही निघायचो, चार वाजता उजेड जायच्या आत परतायचो. तो काठी टेकत पुढं, मी मागं. एकेका पडलेल्या झाडाशी तो थांबायचा, जुन्या सवयीनं जाडी डोळ्यांनीच मोजायचा आणि म्हणायचा, "हे चाळीस वर्षांपूर्वी पडलंय, बघ." मी चिखलात आडवी पडून बघायचे. दुर्मीळ म्हणाव्या अशा सहा जाती मिळाल्या. दोन तर त्या भागात प्रथमच. मी नावं सांगायचे, तो ऐकून घ्यायचा, आणि लगेच पुढच्या झाडाकडे चालायला लागायचा. आउनेचा विषय त्यानं काढला नाही. फक्त तिसऱ्या दिवशी, डबा उघडल्यावर, म्हणाला की भाकरी बरी झालेली नाही, पीठ तिच्यासारखं मळता येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी जोराचा बर्फ पडला. पडलेली झाडं झाकली गेली, आणि झाकल्यावर काही शोधता येत नाही. त्यानं मला फाट्यावर सोडलं. बस यायला वेळ होता, आम्ही गाडीतच बसून राहिलो, काचेवर बर्फ साठत गेला.

"पुढच्या वर्षी येशील?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, येईन. बस आली. मी पिशवी घेऊन उतरले.